हरवली नाही, हाकलली

हरवलेली नायिका म्हणे.

च्यायला, हा शब्द काढला कोणी? पाकीट हरवतं. जत्रेत पोर हरवतं. बाई हरवत नाही. बाईवर लोक चाल करून येतात, ती ज्या पडद्यावर दिसली त्या पडद्यावर दगड मारतात, तिचं खोपट पेटवतात, आणि ती अंधारात समोर येईल त्या लॉरीत चढून मुलूख सोडते. याला मराठीत हाकलणं म्हणतात. कोणाला जास्त सभ्य शब्द पाहिजे असेल तर हद्दपार करणं म्हणा. पण हरवली म्हणू नका. हरवली म्हटलं की कोणी काही केलंच नाही असं होतं. क्रियापदच असं धरलंय की हात कोणाचा दिसू नये.

विनू अब्राहम या लेखकाची तिच्यावर कादंबरी आहे, २००८ सालची. नाव ‘नष्ट नायिका’. मल्याळममध्ये नष्ट म्हणजे हरवलेली. आपल्या मराठीत नष्ट म्हणजे नायनाट. कादंबरीकाराशी माझं भांडण नाही, त्याने निदान लिहिलं. पण त्याच्या पुस्तकाचं नाव मराठीत वाचलं की आपोआप खरं होतं.

मी बोलतोय पी. के. रोझीबद्दल. केरळच्या पहिल्या सिनेमाची पहिली नायिका. जातीने पुलया. म्हणजे आपलीच. तिच्या नावावर आयुष्यात एक सिनेमा, आणि तो सिनेमाही आज जगात कुठे नाही.

मला ती कळली ती रात्रपाळीत. १० फेब्रुवारी २०२३. जहाज लागायचं होतं, आम्ही शेडच्या पायरीवर बसलो होतो. मी मोबाईल उघडला तर गूगलच्या नावाच्या जागी एका बाईचं चित्र. बोट लावलं तर नाव आलं. तिचा १२० वा जन्मदिवस. शेजारचा बिहारी पोरगा वाकून म्हणाला, कौन है, हिरोइन? मी म्हटलं, पता नहीं. मग जहाज लागलं. पण ते ‘पता नहीं’ माझ्या डोक्यात राहिलं. मी मॅट्रिक आहे, इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचतो. वाचलं. मल्याळम मजकूर आमच्या धक्क्यावरच्या एका मलयाळी क्रेनवाल्याने वाचून दाखवला. रोझीच्या नावाशी तो अडखळला नाही. ‘पुलया’ या शब्दाशी आला तेव्हा आवाज खाली केला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी केला.

आता हकिकत ऐका.

त्रावणकोर संस्थान. जे. सी. डॅनियल नावाचा माणूस, धंद्याने दातांचा डॉक्टर, जातीने नाडर ख्रिश्चन. डोक्यात सिनेमाचं खूळ. सिनेमा शिकायला मद्रासला गेला, तिथून मुंबईला आला. आपण शिक्षक आहोत अशी थाप मारून मुंबईच्या स्टुडिओत शिरला म्हणतात. जमीन विकली, १९२६ साली त्रिवेंद्रमला स्टुडिओ काढला. सिनेमाचं नाव ‘विगतकुमारन’. अर्थ, हरवलेला मुलगा. बघा, तिथेही हरवलेलाच. पण तो पोरगा गोष्टीत शेवटी सापडतो. त्याला शोधायला सगळी गोष्ट कामाला लावलेली. नायिकेला शोधायला कोण?

नायिका म्हणून आधी मुंबईहून लाना नावाची नटी ठरवली होती. ते फिसकटलं. मग डॅनियलला रोझी मिळाली. गवत कापणारी बाई. नाटकात काम करणारी. मूळ नाव राजम्मा. रोझी कशी झाली याबद्दलही एकमत नाही. कोणी सांगतो चर्चमुळे, कोणी सांगतो डॅनियलने ठेवलं. ती सकाळी घरून डबा बांधून शूटिंगला यायची आणि संध्याकाळी परत जायची म्हणतात. रोजाने. जशी गवत कापायला जायची तशी. रोज पाच रुपये आणि दहा दिवसांचं काम, असं सांगतात. मला हा डबाच आवडतो. कलेची साधना वगैरे काही नाही. पाळी लागली, काम केलं, पाळी सुटली, घरी.

काम काय? तर सरोजिनी नावाच्या नायर बाईचं. अंगावर नायर बाईचे कपडे, अंगावर नायर बाईचे दागिने. एका ठिकाणी नायक तिच्या केसातल्या फुलाचं चुंबन घेतो. नायक खुद्द डॅनियल.

त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरात पहिला खेळ. उद्घाटनाला गावातला मोठा वकील. ही बाई थिएटरात असेल तर मी येणार नाही असं त्याने कळवलं म्हणे. म्हणून डॅनियलने तिला बोलावलं नाही. ती तरी आली. स्वतःचा सिनेमा बघायला आली. बाहेर थांबवली. पुढच्या खेळाला बस म्हणाले. दोस्तहो, हे नीट वाचा. पडद्यावर ती आत होती आणि हाडामांसाची बाहेर.

आत काय झालं? पुलयाची बाई नायरीण झालेली पाहून लोक उठले. शिट्या, शिव्या, दगड. पडदा फाडला. त्यावर भागलं नाही. तिचं घर जाळलं. ती लॉरीत बसून नागरकोइलकडे गेली. त्याच लॉरीच्या ड्रायव्हरशी तिने पुढे संसार केला. ड्रायव्हर नायर होता! पडद्यावर नायर बाई झाली म्हणून जिचं घर जाळलं, ती नायराच्या घरात राजम्माळ म्हणून राहिली. पुन्हा कधी सिनेमात आली नाही.

एवढीच हकिकत आहे. तीही सांगीवांगी. सिनेमा कधी लागला तेही दोन प्रकारे छापतात. कुठे ७ नोव्हेंबर १९२८, कुठे २३ ऑक्टोबर १९३०. तिचा म्हणून एक फोटो फिरतो, त्याची खात्री कोणी देत नाही. सिनेमाची रिळं डॅनियलच्याच पोराने लहानपणी खेळता खेळता जाळली, असं त्या पोराने म्हातारपणी सांगितल्याचं छापून आलंय.

आणि इथेच आमचे अभ्यासू मित्र चष्मा पुसतात. पुरावा काय? कागद कुठाय? रोझी खरंच होती का? घर खरंच जाळलं का?

अरे वा! पुरावा तुम्ही जाळायचा आणि आम्ही दाखवायचा?

आमच्या धक्क्यावर टॅली क्लार्क असतो. जहाजातून किती गोणी उतरल्या, किती कॉइल उतरल्या, किती फाटल्या, सगळं तो वहीत लिहितो. मालाची नोंद होते. मालकाची होते, जहाजाची होते. गोण ज्याच्या पाठीवरून गेली त्याचं नाव त्या वहीत नसतं. उद्या शंभर वर्षांनी कोणी ती वही उघडून म्हणेल की या बंदरात माणसं होती याचा पुरावा नाही, गोणी आपोआप चालत गेल्या. तर त्याला तुम्ही इतिहासकार म्हणाल की गाढव?

माझा सवाल दुसराच आहे. तुम्ही रोझीचं नाव तपासता, जन्मतारीख तपासता, फोटो तपासता, बाप्तिस्मा तपासता. दगड मारणाऱ्यांची नावं कोणी तपासली? मी जेवढं वाचलं त्यात एकाचंही नाव नाही. त्यांना म्हणतात ‘जमाव’. त्यांना म्हणतात ‘संतप्त प्रेक्षक’. प्रेक्षक! तिकीट काढून आलेली माणसं होती ती. त्यांना बाप होता, घर होतं, पत्ता होता, आडनाव तर नक्कीच होतं. आडनावासाठीच तर दगड उचलला. नंतर ती माणसं घरी गेली, जेवली, म्हातारी झाली. त्यांना कुठल्याच लॉरीत बसावं लागलं नाही. ते हरवले नाहीत. मग सापडत कसे नाहीत?

आता कपड्यांचं. कारण दगड कपड्यांवर पडले, सिनेमावर नाही.

त्रावणकोरात खालच्या जातीच्या बाईने छाती झाकायची नाही हा रिवाज होता. नाडर बायांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मार खाल्ला, घरं जाळून घेतली. १८५९ साली महाराजाने जाहीरनामा काढला की झाका बाबा. पण पुढे मेख मारली : झाका, मात्र वरच्या जातीच्या बायांसारखं नेसायचं नाही. कळलं का? अंग झाकायची परवानगी, बरोबरीची नाही. कापड कुठून कुठे जावं हे राजा ठरवणार. डॅनियल त्याच नाडर जातीचा. त्याच्या आज्यापणज्यांच्या अंगावरच्या कापडाचा हा कज्जा. आणि सत्तर वर्षांनी त्याने काय केलं, तर पुलयाच्या बाईला बरोबर तेच नेसवलं जे नेसायचं नाही असं राजाने लिहून दिलं होतं. त्याला हे उमगलं होतं की नाही देव जाणे. मला वाटतं नव्हतं उमगलं. त्याला सिनेमाचं खूळ होतं. पण प्रेक्षकांना पहिल्या दृश्यात उमगलं.

आणि पुलया काय मुकाट बसले होते? अय्यनकाली नावाचा वाघ तिथेच जन्मला. १८९३ साली तो बैलगाडीत बसून त्या रस्त्याने गेला जिथे पुलयाला चालायची बंदी होती. पोरांना शाळेत घेत नाहीत म्हणून त्याने शेतमजुरांचा संप केला. आमचं पोर शाळेत नाही तर तुमच्या शेतात आमचा हात नाही. १९१५ साली पेरिनाडला त्याच्या सांगण्यावरून पुलया बायांनी गळ्यातल्या दगडी माळा तोडून फेकल्या. ती माळ म्हणजे जातीचा पट्टा होता. म्हणजे रोझी आभाळातून पडली नाही. तिच्या मागच्या बायांनी दगड गळ्यातून काढून फेकला होता. तोच दगड कॅपिटॉलमध्ये परत आला.

बाबासाहेब १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायांना काय म्हणाले? लुगडं नेसायची पद्धत बदला, गळ्यातहातात ते गाठोडंभर दागिने घालू नका, ज्यावरून जात ओळखू येते ते टाका. तिकडच्या समुद्रावर आणि इकडच्या समुद्रावर त्याच एकदोन वर्षांत हीच लढाई चालली होती. आपल्या आज्यांनी ती चवदार तळ्याच्या गावी लढली. हजारोंच्या घोळक्यात लढली. रोझी एकटी होती, आणि तिला सभा म्हणून मिळालं ते कॅपिटॉल थिएटर.

आणखी एक गंमत. रोझी ज्या नाटकात काम करायची ते कक्कारिशी नाटक. त्यात शंकर-पार्वती भटक्या काक्काल जातीच्या नवराबायकोचं रूप घेऊन पृथ्वीवर फिरतात. देव खाली उतरून आपल्यातला होतो. ते चालतं. त्याला कोणी दगड मारत नाही, त्याला भक्ती म्हणतात. पण आपल्यातली बाई दहा दिवस रोजावर नायरीण झाली की आभाळ कोसळतं. सोंगाचीसुद्धा एकदिशा वाहतूक आहे. वरून खाली. गेट पास त्याच बाजूचा मिळतो.

इकडे मराठी माणसाने हसायचं कारण नाही. १९१३ साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. हॉटेलात राबणारा साळुंके नावाचा पोरगा लुगडं नेसून तारामती झाला. पिक्चर जोरात चालला. बाप्या राणी झाला तर चाललं. जात आडवी आली नाही, मिशीही आडवी आली नाही. सोंग कोण घेतंय यावर टाळी ठरते, हे मी एवढ्यावरूनच म्हणतो.

डॅनियल बुडाला. पैसा गेला, स्टुडिओ गेला, पुन्हा दात काढायला बसला. १९७५ साली तमिळनाडूत अगस्तीश्वरमला गरिबीत मेला. चेलंगाट्ट गोपालकृष्णन या पत्रकाराने त्याला हयातीत शोधून काढलं, त्याच्यासाठी झगडला. सरकारदरबारी दाद लागली नाही. मेल्यावर मात्र १९९२ पासून त्याच्या नावाचा सरकारी पुरस्कार. आधी मारा, मग पुरस्कार काढा. डॅनियलला तरी चेलंगाट्ट भेटला. रोझीसाठी कुन्नुकुळी एस. मणी या पत्रकाराने नातलगांची दारं ठोठावली, लिहीत राहिला. मणी आपला माणूस. आपल्या बाईला शोधायला शेवटी आपलाच माणूस लागतो.

२०१३ साली कमल या दिग्दर्शकाने ‘सेल्युलॉइड’ काढला. पृथ्वीराज हिरो. हिरो म्हणजे डॅनियल. राज्याचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. मी पाहिला. गाणी चांगली आहेत. पण त्यातली रोझी बघून माझं डोकं फिरलं. भेदरलेली, थरथरणारी, साहेबाच्या उपकाराने वाकलेली. अरे, जी बाई लोकांपुढे नाटकात उभी राहिली, ती तुमच्या डबड्याला भिईल? न बोलावता थिएटरवर गेली ती बाई! तेव्हा जेनी रोवेना यांनी लेख लिहून विचारलं की आजच्या मल्याळी सिनेमात तरी दलित बाईला नायर बाईचं काम मिळेल का. त्या सवालाला पुरस्कार मिळाला नाही.

आमच्या गोदीत एकदा शूटिंग झालं. कुठला सिनेमा, कोणाची कंपनी, सांगत नाही. आम्हाला गर्दी म्हणून उभं केलं. मेकअपवाला आला, माझ्याकडे बघून म्हणाला, हा मजूर वाटत नाही. आणि माझ्या तोंडाला, हाताला काळं फासलं. मी मजूरच होतो! अर्ध्या तासापूर्वी गोणी टाकून आलो होतो. त्यांच्या डोळ्यात मजूर कसा दिसतो ते ठरलेलं आहे, त्यापेक्षा मी थोडा कमी पडलो. रोजाचे पैसे कंत्राटदाराच्या हातून आले, निम्मे आले. सिनेमा आल्यावर आम्ही बघायला गेलो. शेवटी पांढरी नावं वर सरकत गेली. कुत्र्याला शिकवणाऱ्याचं नाव होतं. आम्ही नव्हतो. मला रोझीचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. तिचं निदान एक नाव तरी राहिलं, चारदा बदललेलं का असेना.

आता जे लिहायचं ते लिहायला मला तीन रात्री लागल्या.

रोझीवर लिहिणारे सांगतात की तिची पोरं नायर म्हणून वाढली. आईने काय केलं होतं हे तिने घरात बोलायचं टाळलं. हे वाचून आपल्यातले काही जण म्हणतात, बघा, पळपुटी, जात लपवली. मीही म्हटलं असतं. म्हटलंच आहे.

माझी थोरली बहीण आहे. ताईने लग्नानंतर गॅझेटात देऊन आडनाव बदललं. ठाण्याच्या पुढे एका सोसायटीत राहते. भिंतीवर बाबासाहेब नाहीत. आहेत ते कपाटात, साड्यांच्या मागे. १४ एप्रिलला ती कपाट उघडते, हात जोडते, दार लावून घेते. मी गेलो की शेजारणीला सांगते, आमच्या गावाकडचा आहे. दाजी मान खाली घालून चहा पितात. मी गेल्या अंकात तिच्यावर कविता लिहिली. नाव घेतलं नव्हतं, पण तिला कळलं. मला दोस्तांचे फोन आले, शाब्बास, सोलून काढलीस. मी खूश.

ताईला आधी एक खोली होती, हे मी कवितेत लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वस्तीत, भाड्याची. तिथे आमचं जुनं आडनाव कळल्यावर पाण्याचा नळ बंद झाला, मग दारात घाण पडायला लागली, मग घरमालक म्हणाला महिनाअखेर. तेव्हा भाची पाच महिन्यांची होती. सामान टेम्पोत घालून नेलं, मीच नेलं. टेम्पोत मी पुढे बसलो होतो आणि ताई मागे गाद्यांवर पोर घेऊन. हे मला माहीत होतं आणि तरी मी ती कविता लिहिली. त्या घरमालकावर मी आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. त्याचं नाव मला माहीत आहे.

ती कविता मी परत घेतो. कवितेची अशी पद्धत आहे की नाही मला माहीत नाही. टॅलीच्या वहीत चुकीची नोंद झाली तर त्यावर रेघ मारून बाजूला सही करतात. तसं समजा.

त्रिवेंद्रममध्ये अजून अशी घरं असतील जिथे म्हातारे सांगून गेले असतील, मी होतो त्या रात्री कॅपिटॉलला, मीही एक भिरकावला होता. हसत सांगितलं असेल. नातवंडांनी ऐकलं असेल. रोझीच्या नावाने २०१९ साली तिकडच्या सिनेमातल्या बायांनी फिल्म सोसायटी काढली. चेन्नईत पा. रंजितच्या नीलमवाल्यांनी २०२३ साली तिच्या नावाचा चित्रपट महोत्सव केला. चांगलं केलं. आता कोणीतरी त्या नातवंडांकडे जा. वही घेऊन जा. नाव, आडनाव, गल्ली, कितवी रांग. रोझीच्या पोरानातवंडांच्या दाराशी कॅमेरे घेऊन जाऊ नका. त्यांना काही सांगायचं असेल तर ते सांगतील.

संपादक, एक काम करा. वर्गणीदारांच्या यादीत ताईचा पत्ता मीच दिला होता, तो काढून टाका. अंकाच्या वेष्टणावर आपलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि तिच्या सोसायटीत टपाल वॉचमन वाटतो. या अंकाची एक प्रत माझ्याकडे द्या. रविवारी ती बाजाराला येते, स्टेशनवर तिच्या हातात देईन.